त्याला स्वतःला काय वाटतं, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न : या वेळी हालचालींचा समन्वय आणि मुलांचं स्वतःविषयीचं मत

गेल्या अंकात डीसीडीवर लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. अक्षर, बटणं, झेल, सायकल याबद्दल पालकांनी भरभरून लिहिलंय. पण मुलाला स्वतःला आपल्या हातापायांबद्दल काय वाटतं, हे फार थोड्यांनी लिहिलंय. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मला तेच सगळ्यात आधी जाणून घ्यायचं असतं. म्हणून ज्या पत्रांत तो विषय निघाला आहे, तीच आज घेते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. डीसीडी म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. बुद्धीत खोट नाही, नजर ठीक, स्नायूंचा किंवा मज्जासंस्थेचा वेगळा आजार नाही, आणि तरीही वयाच्या मानाने हालचाली शिकायला आणि नेटक्या करायला इतक्या जड जातात की रोजचे व्यवहार आणि शाळा अडते, तेव्हा हे निदान होतं. शाळकरी मुलांत याचं प्रमाण ५ ते ६ टक्के आहे, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. म्हणजे भरलेल्या वर्गात असं एखाद-दुसरं मूल असतंच. घरीदारी त्याला वेंधळा, धांदरट, आळशी अशी नावं पडलेली असतात.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी डीसीडीचं निदान झालं. तोल आणि चेंडू, दोन्हींत तो खूप मागे आहे. पण घरी येऊन सांगतो, 'आई, वर्गात सगळ्यात फास्ट मीच पळतो.' शर्यतीत तो शेवटचा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचे बाबा म्हणतात, खरं काय ते सांगून टाक, नाहीतर बाहेरची मुलं सांगतीलच. माझा धीर होत नाही. काय करू?

सांगू नका. निदान आत्ता तरी नको. त्याऐवजी त्याला एवढंच विचारा, 'तू फास्ट पळतोयस हे तुला कसं कळतं रे?' आणि जे उत्तर येईल ते मान डोलवून ऐकून घ्या.

मी हा प्रश्न मुलांना नेहमी विचारते. कुणी म्हणतं, मला सगळ्यात जास्त घाम येतो. कुणी म्हणतं, माझे पाय दुखतात एवढा मी पळतो. एकाने सांगितलं होतं, 'माझ्या कानात वारा वाजतो.' ही मुलं खोटं बोलत नसतात. ती आपली मेहनत मोजत असतात; कोण कुठवर पोचलं, ते मोजत नसतात. आणि मेहनतीच्या हिशेबाने तुमचा मुलगा खरोखरच पुढे असू शकतो. हातपाय एकमेकांना धरून चालत नाहीत, तेव्हा तेवढंच अंतर पळायला शरीराला जास्त कष्ट पडतात.

दुसरं, वयाचा भाग आहे. पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना आपल्याला सगळं येतं असंच वाटतं, मग समन्वयाची अडचण असो वा नसो. ते चांगलंच आहे, कारण त्या जोरावर मूल पडलं तरी पुन्हा उठतं. सात-आठ वर्षांच्या आसपास ते शेजारच्या मुलाकडे बघून स्वतःला ताडायला लागतं. काही मुलं लवकर ताडतात, काही उशिरा. तुमचा मुलगा या उंबरठ्यावर असावा. आणखीही एक शक्यता ध्यानात ठेवा. त्याला सगळं कळलेलं असेल आणि तुमच्यासमोर तरी आपण कमी दिसू नये म्हणून तो तसं म्हणत असेल. या दोन्हींत आईने 'नाही रे, तू शेवटचा होतास' म्हणण्याने काही साधत नाही. उलट पुढच्या वेळी तो शाळेतलं काही सांगणारच नाही.

त्याच्या मनात नेमकं काय आहे हे जाणून घ्यायची एक चांगली रीत आहे. सुझन हार्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये रॉबिन पाइक यांच्याबरोबर चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची एक चाचणी केली, आणि १९८५ मध्ये मोठ्या मुलांसाठी प्रश्नावली. चित्रांच्या चाचणीत दोन चित्रं शेजारी शेजारी असतात. एका चित्रातल्या मुलाला चढायला छान जमतंय, दुसऱ्याला तितकंसं जमत नाही. मुलाने आपण कुणासारखे आहोत ते बोटाने दाखवायचं. मग त्या चित्राखाली एक मोठं आणि एक लहान वर्तुळ असतं; अगदी तसाच असेन तर मोठं, थोडासा तसा असेन तर लहान. मोठ्या मुलांच्या प्रश्नावलीत वाक्यंही तशीच जोडीने येतात : काही मुलांना कुठलाही खेळ चांगला जमतो, पण काही मुलांना वाटतं की आपण खेळात तितके चांगले नाही, तू कुणासारखा? यातली खुबी अशी की दोन्ही प्रकारची मुलं जगात आहेत हे प्रश्नातच मान्य केलेलं असतं. मग कमी जमणाऱ्या मुलाकडे बोट दाखवायला लाज वाटत नाही. 'तुला पळता येतं का?' असं सरळ विचारलं तर कुठलंही मूल 'हो' म्हणणार.

घरी चाचणी घ्यायची गरज नाही, ही बोलण्याची पद्धत तेवढी उचला. 'काही मुलांना पळायला आवडतं, काहींना चित्रं काढायला. काहींना झेल सोपा वाटतो, काहींना अवघड. तुला रे?' असं सहज, जाता येता विचारा. मुलं स्वतःबद्दल एकच एक मोठं मत बाळगून नसतात. अभ्यास, खेळ, मित्र, दिसणं, वागणूक यांचा प्रत्येकाचा वेगळा अंदाज त्यांच्या मनात असतो, आणि एकूण माणूस म्हणून मी कसा, हा आणखी वेगळा. खेळाबद्दलचं मत खाली गेलं तरी बाकीची शाबूत राहू शकतात. तुमचं लक्ष तिथे हवं.

त्याच्या बाबांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. जिथे जिवाला धोका आहे तिथे त्याच्या अंदाजावर विसंबू नका. पाणी, उंचावर चढणं, रहदारीतली सायकल या ठिकाणी मूल 'येतं मला' म्हणालं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर असायला हवं. तिथेही 'तुला येत नाही' म्हणायची गरज नाही. 'इथे मी तुझ्याबरोबर येणार' एवढं पुरतं.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, अभ्यासात हुशार. दीड वर्ष थेरपी चालू आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत तिचे गुण चांगले वाढले, तोल तर जवळजवळ वयाप्रमाणे आला. तरी ती मैदानावर पाऊल टाकत नाही. 'बाबा, मी खेळातली नाहीच', हे ठरलेलं वाक्य. पीटीच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं. आता जमतंय तर मग अडतंय कुठे?

गुण वाढले याचा मलाही आनंद झाला. पण ते गुण थेरपिस्टच्या कागदावर आहेत. तिच्या मनातली वही वेगळी आहे, आणि त्या वहीत आठ-दहा वर्षांची जमा आधीच लिहून झाली आहे : निसटलेले झेल, संघ निवडताना शेवटी उरलेलं नाव, 'अगं सोप्पं आहे' असं म्हणून गेलेली मोठी माणसं. दीड वर्षाच्या थेरपीने त्या वहीतलं आपोआप खोडलं जात नाही.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या विश्वासाबद्दल जे मांडलं, ते मला अशा मुलांच्या बाबतीत पावलोपावली खरं दिसतं. हा विश्वास चार वाटांनी येतो. आपण स्वतः केलं आणि जमलं, ही सगळ्यात पक्की वाट. आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहिलं, ही दुसरी. ज्याच्या शब्दाला आपण मानतो त्याने 'जमेल' म्हटलं, ही तिसरी. आणि चौथी आपलं शरीर त्या क्षणी काय सांगतं ती : छातीत धडधड, पोटात गोळा, की शांतपणा. आता तुमच्या मुलीच्या बाजूने या चारही वाटा बघा. स्वतःचा अनुभव बहुतेक पडण्याचा. आजूबाजूला दिसतात त्या सगळ्या तिच्याहून चपळ मुली. तिच्यासारखी अडखळत शिकलेली एकही नाही. मोठ्यांचा शब्द अनेकदा खोटा ठरलेला. आणि शरीर म्हणतंय, पोट दुखतंय. ते दुखणं खरं असतं बरं का. त्याला नाटक म्हणू नका.

कॅनडात जॉन हे (Hay) या संशोधकांनी १९९२ मध्ये मुलांसाठी एक प्रश्नावली केली. शारीरिक खेळात आपण कितपत पुरे पडतो असं मुलाला वाटतं, त्याकडे त्याचा ओढा किती, आणि त्यात त्याला मजा किती येते, हे तीनही त्यात बघतात. पुढे जॉन केर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की डीसीडीची मुलं कमी खेळतात याचा मोठा दुवा या विश्वासात आहे. हातापायांतली अडचण आणि मैदानापासून दूर राहणं, यांच्या मधोमध 'मला नाही जमणार' हे उभं असतं. म्हणून नुसती हालचाल सुधारून थांबलं की जे होतं, ते तुमच्या घरी झालंय. मग मूल खेळत नाही, म्हणून सराव होत नाही, म्हणून पुन्हा मागे पडतं.

आता काय करायचं. तिला काय शिकायचं आहे, हे तिला ठरवू द्या. थेरपीची ध्येयं आजवर कुणी ठरवली? बहुतेक तुम्ही आणि थेरपिस्टने. शेरिल मिस्युना आणि नॅन्सी पोलक यांनी याच कामासाठी चित्रांच्या कार्डांची एक पद्धत तयार केली. रोजच्या कामांची चित्रं बघून मूल सांगतं, यातलं मला काय जमतं, काय नाही, आणि त्यातलं आधी काय शिकायचंय. पाच-सहा वर्षांची मुलंही हे नीट सांगू शकतात. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात तर मुलांची यादी आणि मोठ्यांची यादी वेगळीच निघाली. मोठ्यांना काळजी शाळेच्या कामाची, मुलांना स्वतःचं स्वतः आवरण्याची आणि खेळण्याची.

याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तुमच्या मुलीच्याच वयाची एक मुलगी होती. आईवडिलांना तिचं अक्षर सुधारून हवं होतं. तिला विचारलं तर ती म्हणाली, 'मला माझी पोनी बांधायचीय.' खेळाच्या तासाला केस सुटायचे आणि बांधून द्यायला मैत्रिणीची विनवणी करावी लागायची, याची तिला भारी लाज वाटायची. आम्ही आरशासमोर बसलो. केस गोळा करणारा डावा हात थोड्या वेळात दमून खाली यायचा, आणि रबर दुसऱ्या वळशाला बोटांतून निसटायचा. डोक्यामागे चाललेलं हे काम डोळ्यांना दिसत नाही. ते निव्वळ बोटांच्या जाणिवेवर करायचं असतं, आणि नेमकी तीच जाणीव या मुलांची कच्ची असते. हेलेन पोलाताइको आणि अँजेला मँडिच यांच्या पद्धतीत थेरपिस्ट उत्तर देत नाही. काय करायचंय, कसं करणार, करून बघ, ठरवल्याप्रमाणे झालं का, एवढे चार टप्पे मुलाने स्वतः पार करायचे. मी फक्त विचारलं, 'निसटतं ते नेमकं कधी?' तिने दोन-तीनदा करून पाहिलं आणि म्हणाली, 'मी रबर घ्यायला हात सोडते ना, तेव्हा.' मग तिलाच सुचलं, रबर आधीच उजव्या मनगटावर चढवून ठेवायचा. कोपर टेबलावर टेकवायचं हेही तिचंच. पोनी वाकडी झाली, पण टिकली. तिने मान जोरजोरात हलवून खात्री करून घेतली. पुढच्या वेळी आली ती 'आता दोरीवरच्या उड्या' म्हणतच.

प्रत्येक मुलात असं एकातून दुसरं उगवतंच असं नाही. काही मुलं एक गोष्ट शिकून तिथेच थांबतात, आणि प्रत्येक नव्या गोष्टीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पण 'मी ठरवलं, मी वाट काढली, मला जमलं' हा अनुभव कुणी वरून देऊ शकत नाही, आणि बांडुरांच्या चार वाटांतली ती सगळ्यात भक्कम.

मैदानाचा हट्ट तूर्त सोडा. दोघांतच खेळता येईल, कुणी बघत नसेल, आणि जिंकणं-हरणं नसेल असं काही तरी तिला निवडू द्या. तिला चालत असेल तर मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा आणि महिन्याभराने तिलाच जुना नि नवा दाखवा. आपल्यात काय बदललं ते तिला स्वतःला दिसू दे. तुम्ही त्यावर भाष्य करू नका. आणि पोटदुखी वाढली, झोप उडाली, शाळाच नको म्हणायला लागली तर बालमानसतज्ज्ञांना जरूर दाखवा. या मुलांमध्ये काळजी आणि उदासी इतरांपेक्षा जास्त आढळते. मुली गप्प बाजूला होतात, त्यामुळे त्यांचं कुणाच्या चटकन लक्षात येत नाही.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा. सारखा धडपडतो, हातातलं सांडतो. मोबाईलमुळे होतं का हे? की अशक्तपणा आहे? काही टॉनिक सुचवाल का?

आजी, टॉनिकने याला काही उपयोग नाही. स्नायूंत ताकद कमी म्हणून हे होत नाही. मेंदूकडून हालचालीची आखणी आणि तिची लगेच दुरुस्ती होण्यात अडचण असते. मोबाईलने डीसीडी होत नाही, मात्र मूल त्यातच गुंतलं की हातापायांचा सराव बुडतो, हे खरं. जन्म वेळेआधी झाला असेल किंवा जन्मतः वजन फार कमी असेल तर हा धोका जास्त असतो, तेव्हा डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. पाच वर्षांनंतर तपासणी करून निदान होऊ शकतं, म्हणजे त्याचं वय योग्य आहे. आणि सांडलं की 'असू दे, फडकं आण' एवढंच म्हणा. आजीचा शब्द मुलांच्या मनात खोल जातो.

प्रश्न : मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे. पाचवीतला एक मुलगा मुद्दाम पडतो, चेंडू आला की विचित्र अंगविक्षेप करतो, सगळा वर्ग हसतो. रागावलो तर आणखी करतो. त्याच्या आईने डीसीडीचं सर्टिफिकेट दाखवलं. मी त्याला गुण लिहायला बसवलं, तर तो खूश दिसतो. हे बरोबर आहे का?

सर, तुम्ही विचारलंत हेच मोठं. तो मुद्दाम पडतो, कारण खरोखर पडल्यावर लोक हसतात त्यापेक्षा आपणच हसवलेलं बरं, असं त्याने ठरवलंय. त्याला स्वतःच्या अडचणीची पुरेपूर जाणीव आहे. रागावण्याने तो थांबणार नाही. जमेल असं काही मिळालं तर थांबेल.

गुण लिहायला एखाद्या दिवशी बसवणं ठीक. रोज बसवलंत तर 'हा खेळणाऱ्यांतला नाही' यावर तुमचीच मोहर उमटेल. मेरी स्मिथ आणि हेदर अँडरसन यांनी २००० साली शाळेच्या मैदानावरची मुलं निरखली, तेव्हा समन्वयाची अडचण असलेली मुलं जास्त वेळ एकटी आणि नुसती बघत उभी असल्याचं त्यांना दिसलं. बघणाऱ्याच्या जागेची सवय फार लवकर लागते.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला खर्चही नाही. कॅप्टनने एकेक नाव पुकारून संघ निवडायची पद्धत बंद करा. तुम्हीच आधी नावं लिहून आणा. 'आउट' झालं की बाहेर बसायचं, अशा खेळांत ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात कमी खेळतो, म्हणून ते कमी करा. सगळ्यांनी रांगेत बघत उभं राहायचं आणि एकाने फेकायचं, याऐवजी जोड्या लावा. चेंडू मोठा, हलका, सावकाश येणारा घ्या. येणारा चेंडू झेलण्यापेक्षा स्थिर खुणेवर फेकणं पुष्कळ सोपं असतं, तिथून सुरुवात करा. सूचना एका वेळी एकच. आणि कृपा करून 'सोप्पं आहे' म्हणू नका. सोपं आहे आणि तरी जमलं नाही, तर मुलाच्या हाती काय उरतं?

शाबासकीबद्दलही सांगते. झेल सुटल्यावर 'व्वा, मस्त' म्हटलं की पाचवीतल्या मुलाला ते खोटं असल्याचं तत्काळ कळतं, आणि नंतर खरी शाबासकीही तो धरत नाही. 'या वेळी चेंडू यायच्या आधी तुझे हात पुढे होते' हे वाक्य जास्त कामाचं. त्यात काय बदललं ते आहे, ते खरं आहे, आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही त्यातच आहे. हे चारचौघांत नको, जाता जाता त्याच्या कानाशी सांगा.

प्रश्न : मी १५ वर्षांचा आहे. तुमचा लेख आईने वाचायला दिला. लहानपणापासून सगळे मला वेंधळा म्हणतात. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. मार्क बरे पडतात तरी मला वाटतं मी ढ आहे. हे मोठेपणी जातं का? आणि मी स्वतःला उगाच कमी समजतो, की मी खरंच कमी आहे? कृपया खरं सांगा.

तू खरं सांगा म्हणालास, म्हणून खरंच सांगते.

जातं का? निम्म्याहून अधिक जणांत ते मोठेपणीही राहतं. ५० ते ७० टक्के असा अंदाज दिला जातो. पण राहतं म्हणजे काय, ते समजून घे. नवी हालचाल शिकायला तुला इतरांपेक्षा जास्त वेळ आणि जास्त फेऱ्या लागतील, हे राहतं. शिकलेली गोष्ट तुझी होते. आज तू बटणं लावताना विचार करत नाहीस ना? कधी काळी करावा लागला असेल. शिवाय शाळेत जे करायचं ते दुसरे ठरवतात, आणि तेही सगळ्यांसमोर करावं लागतं. मोठेपणी आपली कामं आणि आपले खेळ आपण निवडतो, त्यामुळे पुष्कळ फरक पडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. खेळ आणि अक्षर यात तुझा अंदाज बहुधा बरोबर आहे. तिथे तुला खरोखर अवघड जातं आणि ते तुझ्या आळसामुळे नाही. पण 'मी ढ आहे' हा अंदाज चुकीचा आहे, आणि तो कुठून आला तेही मी सांगू शकते. ऑस्ट्रेलियात जॅन पीक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचा अभ्यास केला. मोठ्या हालचाली, म्हणजे पळणं-झेलणं, अवघड जाणारी मुलं स्वतःला खेळात कमी समजत होती. हे कुणालाही पटेल. पण बोटांची बारीक कामं ज्यांना अवघड जात होती, ती मुलं स्वतःला अभ्यासात कमी समजत होती. रोज वहीवर आपलंच वेडंवाकडं अक्षर बघायचं, लिहून पुरं होत नाही म्हणून येत असलेलं उत्तर अर्धवट सोडायचं, आणि त्यातून आपल्याला येतच नाही असा अर्थ काढायचा. तुझंही तेच झालंय. डोक्यातलं आणि कागदावरचं यांच्यामध्ये हात अडतोय. पुढच्या वेळी पेपर हातात आला की ज्या उत्तरांचे गुण गेले त्यांवर दोन वेगळ्या खुणा कर : येत नव्हतं, आणि येत होतं पण लिहून झालं नाही. कुठल्या खुणा जास्त होतात ते स्वतःच बघ.

टायपिंग आत्ताच शिकायला घे, रोज थोडं थोडं, कीबोर्डकडे न बघता. सुरुवातीला लिहिण्यापेक्षाही हळू होईल आणि तू चिडशील. टिकून राहा. परीक्षेत जादा वेळ किंवा टाइप करायची परवानगी मिळू शकते का, हे आईबरोबर जाऊन शाळेत विचार. त्यासाठी निदानाचं पत्र लागेल, आणि ते परीक्षेच्या बरंच आधी द्यावं लागेल.

खेळ सोडू नकोस, बदल. चेंडू, समोरचा गडी आणि स्वतःचे पाय या तिघांकडे एकदम लक्ष द्यावं लागतं, ते सांघिक खेळ तुला सगळ्यात जड. ज्यात तीच हालचाल पुन्हा पुन्हा आपल्या गतीने करायची असते, ते जास्त जमण्यासारखे : लांब पल्ल्याचं धावणं, पोहणं, डोंगर चढणं, सायकल. पोहणं शिकायला वेळ लागेल, पण एकदा लय सापडली की तिथे मध्ये येणारं कुणी नसतं. दम वाढला की त्याचा तुझ्या मनावरही परिणाम होतो.

मित्रांना सांगायचं का, असं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या वयाचे बहुतेक जण विचारतात. सगळ्यांना सांगायची गरज नाही. एखाद्या जवळच्याला सांग, दोन वाक्यांत : 'मला हालचाली शिकायला वेळ लागतो, त्याला डीसीडी म्हणतात.' पुढचं तो विचारेल तेवढंच. आणि रात्र रात्र हेच डोक्यात फिरत असेल, किंवा काहीच नको वाटत असेल, तर ते मनात ठेवू नकोस. आईला सांग आणि समुपदेशकाला भेट.

काही वर्षांनी गाडी शिकायची वेळ येईल. गिअर नसलेल्या गाडीपासून सुरुवात कर, आधी मोकळ्या जागी, आणि शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांग की मला इतरांपेक्षा जास्त तास लागतील.